एकाच मुलीचे तीन पेपर: विषय जोडण्यासाठी कृतिसंशोधन कसे करावे

प्रथम सत्राचे गठ्ठे शिक्षक खोलीतल्या एकाच टेबलावर पडले होते. मी नववीचे विज्ञान तपासत होते, शेजारी भूगोलाच्या मॅडम, समोर गणिताचे सर. एका मुलीने अंतर-काल आलेखाखाली लिहिले होते, ‘गाडी आधी चढावर गेली, मग सपाट रस्ता लागला.’ मी हसून तो पेपर सरांकडे सरकवला. सर हसले नाहीत. त्यांनी त्यांच्या गठ्ठ्यातून तिचाच पेपर शोधून काढला. संच, वास्तव संख्या, सगळे व्यवस्थित. मुलगी हुशार. मग मॅडमनी तिचा भूगोलाचा पेपर काढला. पाऊस आणि तापमान एकत्र दाखवणाऱ्या आलेखावर तिने जुलैचा पाऊस तापमानाच्या अक्षावर वाचून ‘२७’ लिहिला होता. एककही नाही.

सर म्हणाले, “निर्देशक भूमिती मी दुसऱ्या सत्रात घेतो. तुम्ही जूनमध्ये आलेख काढायला लावता तेव्हा त्यांना अक्ष कोणी शिकवलेला असतो?”

मी पाठ्यपुस्तके चाळली. सर म्हणत होते ते खरेच होते. नववीच्या विज्ञानाचे पहिलेच प्रकरण ‘गतीचे नियम’, त्यात अंतर-काल आणि वेग-काल आलेख. गणित भाग दोनमध्ये निर्देशक भूमिती, म्हणजे अक्ष आणि बिंदूंचा भाग, सातवे प्रकरण. सातवी-आठवीत स्तंभालेख झालेले असतात, पण चढत्या रेषेचा अर्थ लावायची सवय कोणत्याच तासाला लागलेली नसते. आम्ही तिघे एकाच वर्गात पाठोपाठ तास घेत होतो आणि तिघेही समजत होतो की आलेख दुसऱ्या कोणीतरी शिकवला आहे.

आमचे पहिले कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण शोधून त्यावर उपाय करणे आणि काय झाले ते तपासणे, या टेबलावर सुरू झाले. ते कसे करायचे, कुठे फसते, हे माध्यमिकच्या शिक्षकांसाठी इथे लिहीत आहे.

आधी फाईल डोक्यातून काढा

कृतिसंशोधन म्हटले की बी.एड.ची फाईल आठवते: शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, कृती परिकल्पना, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आणि शेवटी ‘विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाली’. कोणाच्याही फाईलमध्ये वाढ न झाल्याचे मी अजून वाचलेले नाही. त्या साच्याला माझा विरोध नाही, पण तो शेवटी भरायचा कागद आहे, काम त्याच्या आधीचे.

ही कल्पना मांडणारा कर्ट लेविन शाळामास्तर नव्हता, सामाजिक मानसशास्त्रज्ञ होता. १९४६ च्या लेखात त्याने वर्णन केले ते आवर्तनाचे: योजना, कृती, कृतीचे काय झाले याचा शोध, आणि त्यावरून पुढची योजना. स्टीफन कोरी या अमेरिकन प्राध्यापकाने १९५३ मध्ये ते शाळांच्या कामासाठी पुस्तकरूपाने मांडले. पुढे इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउसने शिक्षकानेच आपल्या वर्गाचा संशोधक व्हावे असा आग्रह धरला. आपल्या कामाला यातून एवढेच घ्यायचे: फेरा एकदा मारून संपत नाही, आणि तो वर्गात उभा असणारानेच मारायचा असतो.

विषय जोडण्याची कल्पना तर आपल्याच अंगणातली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्यातला ‘समवाय’ म्हणजे हस्तोद्योग, निसर्ग आणि भोवतालचे जगणे यांच्या आधाराने भाषा, गणित, विज्ञान शिकवणे. टकळीवर सूत कातताना तारांची मोजणी आली की अंकगणित आलेच. तो समवाय जिथे ओढूनताणून झाला, तिथे चेष्टेचा विषय झाला. ही चूक आपणही करू शकतो, आणि मी केलेली आहे.

पहिली पायरी: विषय नको, अडखळण्याची जागा शोधा

त्या प्रसंगाच्या आधीच्या वर्षी आम्ही ‘पाणी सप्ताह’ केला होता. मराठीत पाण्यावरच्या कविता, इतिहासात बारव, विज्ञानात जलचक्र, चित्रकलेत घोषवाक्ये. पर्यवेक्षकांनी फोटो काढले, फळा सुंदर सजला. आठवड्यानंतर कोणत्या मुलाला काय नवे कळले, हे आम्हांला सांगता आले नसते, कारण आम्ही काही विचारलेच नव्हते. सगळे विषय ‘पाणी’ या शब्दाला टांगले होते, एवढाच त्यांचा संबंध.

म्हणून सुरुवात उत्तरपत्रिकांपासून करा. एकाच तुकडीतले सात-आठ विद्यार्थी निवडा: वरचे दोन, मधले चार, खालचे दोन. प्रत्येकाचे तीन विषयांचे पेपर शेजारी शेजारी ठेवा आणि गुण झाका. गुणांवर कागद ठेवल्याशिवाय आपली नजर उत्तरावर ठरत नाही, हा माझा अनुभव. प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्याच्या विषयाचा पेपर वाचायचा. भूगोलाच्या मॅडमनी माझा पेपर वाचून विचारले, “इथे ‘उतार’ म्हणजे डोंगराचाच ना?” तेव्हा मला कळले की ती मुलगी वेडेवाकडे काही लिहीत नव्हती. तिने भूगोलातला उतार विज्ञानात आणला होता. जोड तिने केलीच होती, चुकीच्या जागी केली होती इतकेच.

दोन किंवा अधिक विषयांत एकाच कारणाने चुकणारी गोष्ट सापडली की प्रश्न मिळाला. आलेख हा एक. इतरही नेहमी सापडतात: एकक न लिहिणे, टक्का कशाचा हे न सांगणे, ‘कारणे द्या’ला वर्णन लिहिणे, तक्त्यातून निष्कर्ष न काढता तक्ताच पुन्हा उतरवणे.

दुसरी पायरी: शब्दांची वही

ही पायरी लोक गाळतात. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते.

‘प्रमाण’ घ्या. गणितात गुणोत्तर आणि प्रमाण. आलेखाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण: १ सेमी = १० एकक’. नकाशावर नकाशाप्रमाण. भूगोलात भारतीय प्रमाण वेळ, जी ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते. मराठीच्या तासाला प्रमाण भाषा. विज्ञानात ‘मीठ योग्य प्रमाणात घ्या’. एका दिवसात मूल हा शब्द सहा अर्थांनी ऐकते, आणि आपल्यातला एकही जण थांबून सांगत नाही की बाळा, आता यातला कुठला.

‘घनता’ तशीच. विज्ञानात वस्तुमान भागिले आकारमान. भूगोलात लोकसंख्येची घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे माणसे. २०११ च्या जनगणनेनुसार भारताची ३८२. मुलांना हे दोन वेगळे धडे वाटतात. दोन्हींत ‘दर एककामागे किती’ हा एकच विचार आहे, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. वृत्त म्हणजे भूगोलात अक्षवृत्त, मराठीत भुजंगप्रयात, वर्तमानपत्रात बातमी. मूळ वनस्पतीला असते, संख्येला वर्गमूळ असते, समीकरणालाही मूळ असते. ‘घटक’ शब्दाबद्दल तर बोलायलाच नको. घटक चाचणीत ‘रक्ताचे घटक लिहा’ असा प्रश्न मीच काढलेला आहे.

एक शंभरपानी वही शिक्षक खोलीत ठेवा. डावीकडे शब्द, उजवीकडे कोणत्या विषयात तो कोणत्या अर्थाने येतो. वर्गात अडखळलेला शब्द ज्याने त्याने येऊन टाकायचा. महिनाभरात दोन-तीन पाने भरतात आणि पुढचा प्रश्न कुठून घ्यायचा ते वहीच सांगते.

तिसरी पायरी: माणसे आणि वेळ

तीन शिक्षक पुरे. दोनही चालतात. सगळी शाळा एकदम ओढायला गेलात की काम परिपत्रकाचे होते आणि मग ते परिपत्रकासारखेच पाळले जाते.

मुख्याध्यापकांकडे जाताना ‘प्रकल्प’ हा शब्द टाळा, नाहीतर उद्घाटन ठरेल. दोन गोष्टी मागा. एक, आठवड्यात तिघांचा एक समान ऑफ तास, ज्यावर बदली तास लागणार नाही. दोन, वार्षिक नियोजनात दोन-तीन तासिका मागेपुढे करायची मुभा. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याशी आधी बोलून ठेवा, कारण खरी परवानगी त्यांच्याकडून मिळते. आम्हांला समान ऑफ तास शनिवारी मिळाला. पहिले दोन शनिवार तो बदली तासातच गेला. तिसऱ्या शनिवारी गणिताचे सर वेळापत्रकाच्या फळ्यावर खडूने ‘आलेख बैठक’ असे लिहूनच आले. त्यानंतर कोणी हात लावला नाही.

चौथी पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘विद्यार्थ्यांमध्ये आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन विकसित करणे’ हे वाक्य कशानेही खोटे ठरत नाही, म्हणून ते निरुपयोगी. आमचे वाक्य असे होते: ‘नववी ब ला तिन्ही विषयांत आलेखाबद्दल तेच चार प्रश्न त्याच शब्दांत विचारले, तर सहा आठवड्यांनी ती मुले न सांगता अक्ष आणि एकक पाहून उत्तर देतात का?’ कोण, काय, किती दिवस, आणि काय दिसले तर हो म्हणायचे, हे सगळे त्यात आहे. तुमचे वाक्य शाळेच्या शिपायाला वाचून दाखवा. त्याला कळले तर ठीक.

पाचवी पायरी: सुरुवातीची स्थिती टिपणे

दहा मिनिटांची पूर्वचाचणी पुरते. एकच विचार तीन वेशांत विचारा.

विज्ञानाचा वेश: एक मुलगी घरून सायकलने निघते. आलेखात पहिल्या १० मिनिटांत अंतर ० ते २ किमी, पुढची ५ मिनिटे रेषा आडवी, त्यानंतरच्या १० मिनिटांत २ ते ३ किमी. आडव्या रेषेच्या वेळात ती काय करत होती? कोणत्या भागात वेग जास्त? (पहिल्या भागात ताशी १२ किमी, शेवटच्या भागात ६.)

भूगोलाचा वेश: डावीकडे पाऊस मिलिमीटरमध्ये, उजवीकडे तापमान अंश सेल्सिअसमध्ये, खाली महिने. सर्वांत जास्त पावसाचा महिना कोणता आणि तो आकडा कोणत्या बाजूला वाचलास?

गणिताचा वेश: (०,०), (२,६), (५,६), (७,८) हे बिंदू आलेख कागदावर मांडून जोडा. रेषा आडवी आहे तिथे दुसऱ्या निर्देशकाचे काय होते?

चाचणीला गुण देऊ नका, चुकांना नावे द्या. आम्ही चार गट केले: आलेखाला चित्र समजणारे (‘गाडी चढावर गेली’), बिंदू वाचता येणारे पण रेषेची दिशा न वाचणारे, अक्ष चुकवणारे, एकक विसरणारे. मुलाच्या नावापुढे गटाचे अक्षर. एकच मूल तीन विषयांत तीन वेगळ्या गटांत पडू शकते, आणि तसे पडले तर ती सर्वांत बोलकी ओळ. गणितात आडवी रेषा बरोबर वाचणारा मुलगा विज्ञानात तिला सपाट रस्ता म्हणतो, तेव्हा त्याला आलेख येतो; तो इथेही चालतो, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नाही.

सहावी पायरी: कृती

कृती जितकी लहान तितकी चांगली. आमचे चार प्रश्न:

१. आडव्या अक्षावर काय आहे?
२. उभ्या अक्षावर काय आहे, कोणत्या एककात?
३. एक घर म्हणजे किती?
४. रेषा वर गेली म्हणजे काय वाढले?

वर्गाच्या भिंतीवर हाताने लिहिलेला तक्ता. तिघांनीही आलेख आला की आधी हेच, याच शब्दांत विचारायचे. ‘याच शब्दांत’ पाळणे कठीण जाते. मी ‘एक्स अक्ष’ म्हणत होते, मॅडम ‘खालची रेषा’, सर ‘क्ष-अक्ष’. आठवडाभर तिघांनी ‘आडवा अक्ष’ म्हणायचे ठरले आणि सरांना सर्वांत जड गेले. अधिकृत संज्ञा नंतर आणता येतात.

दुसरा बदल नियोजनाचा. पुढच्या वर्षी सरांनी निर्देशक भूमितीतले बिंदू मांडणे एवढाच भाग तीन तासांत जूनमध्येच घेतला, उरलेले प्रकरण आपल्या जागी ठेवले. मी ‘गतीचे नियम’मध्ये आलेखाचा भाग तेवढा आठवडाभर मागे ढकलला. त्यासाठी टाचणातल्या, म्हणजे पाठाच्या नियोजनातल्या, दोन ओळी बदलल्या, खर्च काही नाही.

एक पथ्य: दुसऱ्याचा विषय शिकवू नका. मी भूगोलाचा मान्सून समजावायला गेले असते तर मॅडमना ते अतिक्रमण वाटले असते, आणि मी चुकीचेही शिकवले असते. आपला विषय शिकवताना दुसऱ्याच्या पुस्तकातला एक आलेख घ्यावा. मॅडमनी अंतर-काल आलेख फळ्यावर काढून नुसते विचारले, “हा कुठल्या तासाचा?” वर्गात खसखस पिकली. त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले होते. मागचा एक मुलगा, जो माझ्या तासाला तोंड उघडत नाही, शेजारच्याला म्हणाला, “अरे, रस्ता नाय तो. खाली वेळ लिहिलाय बघ. बाईक थांबलीय.” मी ते जसेच्या तसे टिपून घेतले. पूर्ण सहा आठवड्यांतला तो माझा सर्वांत चांगला पुरावा आहे.

सातवी पायरी: पुरावा गोळा करताना

एकमेकांच्या तासाला आठवड्यातून एकदा बसा. पाहुण्याने शिक्षकाबद्दल एक अक्षर लिहायचे नाही. मुले काय बोलली आणि वहीत काय करत होती तेवढेच. हा नियम मोडला की निरीक्षणाची तपासणी होते आणि पुढच्या आठवड्यात तुम्हांला कोणी वर्गात घेत नाही.

रोजनिशी चार ओळींची: आज काय केले, काय अपेक्षित होते, काय झाले, काय खटकले. घरी जाऊन लिहू म्हटले की राहते. तास संपल्यावर टाचणवहीच्या मागच्या पानावर खरडा.

मुलांना विचारायचे तर ते काम त्यांचा विषय न शिकवणाऱ्या शिक्षकाने करावे. आमच्याकडे शारीरिक शिक्षणाच्या सरांनी केले. मला मुलांनी ‘मॅडम, खूप आवडले’ सांगितले असते. सरांना त्यांनी सांगितले की तेच चार प्रश्न तीनदा ऐकून कंटाळा येतो. बरोबरच होते. चौथ्या आठवड्यापासून प्रश्न आम्ही विचारायचे थांबवले, मुलांनी एकमेकांना विचारायचे.

अहवालात मुलांची नावे नकोत, उत्तरपत्रिकेच्या फोटोत नाव-हजेरी क्रमांक झाका. आणि दुसऱ्या तुकडीला ‘तुलनेसाठी’ मुद्दाम वंचित ठेवू नका. उपयोग दिसला तर सहा आठवड्यांनी तिथेही सुरू करा.

आठवी पायरी: आकड्यांशी प्रामाणिक राहणे

उत्तरचाचणीत गुण वाढतातच. सहा आठवडे तीच गोष्ट घासली तर वाढायलाच हवेत, आणि मुले या काळात नुसती मोठीही झालेली असतात. म्हणून सरासरी फुगवून दाखवण्यात अर्थ नाही. कोणते मूल कोणत्या चुकीच्या गटातून कुठे गेले, हे पाहा. समजा चित्र समजणारे बरेच कमी झाले, पण एकक विसरणारे तेवढेच राहिले, तर तुमचा दुसरा प्रश्न कमी पडला. आमच्याकडे नेमके हेच झाले. मुले ‘उभ्या अक्षावर पाऊस’ म्हणत आणि ‘मिलिमीटर’ गिळून टाकत. एककाचा संबंध त्यांच्या हाताशी आलेलाच नव्हता. ही आमच्या दुसऱ्या फेऱ्याची सुरुवात.

दुसरा फेरा: मिलिमीटर म्हणजे किती पाणी

पावसाळ्यात सरळ बाजूची प्लास्टिकची बरणी आणि पट्टी घेऊन मैदानात पर्जन्यमापक ठेवला. बरणी वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीची हवी, नाहीतर वाचन चुकते. आणि ती का हवी, हे मुलांना शोधू द्या, त्यात घनफळाचा अर्धा धडा आहे. भूगोल म्हणतो, आज २० मिलिमीटर पाऊस झाला. गणित म्हणते, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ०.००१ घनमीटर. विज्ञान म्हणते, म्हणजे बरोबर १ लिटर. शाळेचे छत ३० मीटर × १० मीटर असेल तर ३०० चौरस मीटर, २० मिलिमीटरला ६००० लिटर. मुलांनी आकडा काढला आणि खिडकीतून छपराच्या पन्हाळीकडे पाहत बसली. हजार लिटरच्या सहा टाक्या गटारात गेल्या होत्या.

आमचा फसलेला पाणी सप्ताह आठवा. पाणी तेच होते. फरक इतका, की यावेळी तिन्ही विषयांची गरज एका आकड्याला होती. एक विषय काढला असता तर ६००० आला नसता. जोड खरी आहे की टांगलेली, हे ओळखायला मी आता हीच कसोटी लावते: एक विषय काढून बघा. काम तसेच चालू राहिले तर तो विषय शोभेचा होता.

अहवाल, आणि एक शेवटची तपासणी

अहवाल दोन पानांचा: प्रश्नाचे वाक्य, काय केले, चुकांच्या गटांचा तक्ता, मुलांची दोन-तीन वाक्ये जशीच्या तशी, काय जमले नाही, पुढे काय. साच्यातली फाईल मागितली तर यावरूनच तासाभरात होते. ‘काय जमले नाही’ हा भाग गाळू नका. पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला त्याचाच उपयोग.

तपासणी अशी, की तुमच्या तिघांपैकी कोणीही शिकवत नसलेल्या विषयात काय होते ते पाहा. ज्या विषयात शिकवले तिथे उत्तर येणे ही झाली आमची मेहनत. आम्ही इतिहास-राज्यशास्त्राच्या बाईंना काहीच न सांगता त्यांच्या तासाला मतदानाच्या टक्केवारीचा एक आलेख दाखवायची विनंती केली होती. दुपारी त्या शिक्षक खोलीत आल्या आणि जरा वैतागूनच म्हणाल्या, “अहो, तुमच्या नववी ब ला झालंय तरी काय? मी टक्केवारी सांगत होते, तर पोरगी मध्येच उठून विचारते, ‘बाई, एक घर म्हणजे किती?’”